पप्पांचं घोरणं आणि ऑपरेशनचा प्रश्न

गेल्या वर्षी जुलैमध्ये, पहाटे साडेतीनच्या सुमारास, कणकुंबीच्या अलीकडे पप्पांचा टेम्पो रस्ता सोडून डाव्या बाजूच्या चिखलात उतरला. टेम्पोत बेळगावहून म्हापशाला जाणारी भाजी होती. कोबी, गाजर, हिरवी मिरची. तिथं रस्ता सरळ होता म्हणून गाडी नुसतीच रुतली. आणखी थोडं पुढे, चोर्ला घाटाच्या वळणावर हेच झालं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पप्पांना खरचटलंसुद्धा नाही. मागून येणाऱ्या गाडीवाल्यांनी दोर लावून टेम्पो बाहेर ओढला आणि पप्पा तसेच पुढे जाऊन भाजी उतरवून आले.

घरी आल्यावर म्हणाले, "पाऊस लई होता." आठ दिवसांनी त्यांनी मम्मीला खरं सांगितलं. पाऊस होताच, पण स्टिअरिंगवर ते झोपले होते.

मित्रमैत्रिणींनो, या अंकासाठी मी खरं तर एका कादंबरीवर लिहिणार होते. पण गेले दहा महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे. पप्पांना स्लीप अ‍ॅप्निया आहे आणि त्यासाठी घशाचं ऑपरेशन करायचं की नाही. या काळात मी जेवढं वाचलं, विचारलं आणि चुकले, ते लिहून ठेवावं असं वाटलं. तुमच्याही घरात कुणीतरी घोरत असणारच.

घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

आपली भाषाच इथं आपल्याला फसवते. 'ढाराढूर झोपलाय', 'घोरत पडलाय', 'कुंभकर्ण आहे नुसता' असं आपण म्हणतो तेव्हा घोरणारा माणूस सुखात आहे असंच आपल्याला म्हणायचं असतं. पप्पांचंही तेच म्हणणं होतं. "मला कसला झोपेचा आजार? मी तर पडल्या पडल्या झोपूलोय की!" कँपातल्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला प्रवचन सुरू झालं की पाच मिनिटांत त्यांचं घोरणं सुरू व्हायचं. मम्मी कोपरानं ढोसायची आणि मागच्या बाकावरची पोरं हसायची. आम्हीही हसायचो.

खरं काय होतं ते असं. जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो त्यांची वाट श्वास आत घेताना मिटू लागते. मान जाड असेल, जीभ मोठी असेल, खालचा जबडा मागे असेल किंवा टॉन्सिल वाढलेले असतील तर असं होतं. वाट अरुंद झाली की आवाज येतो, ते घोरणं. पूर्ण मिटली की आवाज बंद. घरच्यांना वाटतं, चला, शांत झोपले. पण ती शांतता म्हणजे श्वास थांबलेला असतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, मोठा आचका देऊन श्वास सुरू होतो आणि पुन्हा घोरणं. सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. डोकं जड असतं, तोंड कोरडं पडलेलं असतं आणि दिवसभर झोप येत राहते. याचा रक्तदाबाशीही संबंध आहे. पप्पांचा रक्तदाब दोन गोळ्या घेऊनही खाली येत नव्हता, आणि त्याचं कारण झोपेत असू शकतं असं आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मम्मीला मात्र ही शांतता माहीत होती. ती म्हणाली, "आवाज थांबला की मी जागी होते. परत सुरू होईपर्यंत रोझरी हातात धरून बसते." ही गोष्ट तिनं कित्येक वर्षं कुणाला सांगितली नव्हती, कारण घोरणं हा आमच्याकडे चेष्टेचा विषय होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' हे शब्द बातम्यांत सगळीकडे आले होते. मीही तेव्हाच ते पहिल्यांदा वाचले आणि विसरूनही गेले. साहित्यात मात्र हा माणूस फार आधीपासून आहे. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे, जो दार ठोठावता ठोठावता उभ्या उभ्या झोपतो. कादंबरी १८३६-३७ सालची. पुढे १९५६ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी लठ्ठपणा, झोप आणि श्वास यांच्या एका जवळच्या आजाराला 'पिकविकियन सिंड्रोम' हे नाव दिलं. जो वाचताना आपण हसतो. तो आजारी असेल हे आपल्या ध्यानात येत नाही. अगदी पप्पांसारखंच.

पहिला सल्ला आणि माझी चूक

ऑगस्टमध्ये आम्ही घशाच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बॅटरी लावून घसा बघितला. पडजीभ लांब आहे, मऊ टाळू सैल आहे, ऑपरेशन करून जादा भाग काढून टाकू, असं म्हणाले. सप्टेंबरची तारीखही दिली. झोपेची तपासणी करायला सांगितलं नाही.

डॉक्टर इंग्रजी आणि कन्नड मिसळून बोलत होते, आणि पप्पांसाठी मराठी करून सांगायचं काम माझं. डॉक्टर म्हणाले, 'सक्सेस रेट चांगला आहे.' मी पप्पांना सांगितलं, "बहुतेक लोक बरे होतात म्हणतायत."

हे माझं भाषांतर चुकीचं होतं. किती चुकीचं, ते पुढे येईलच. पण पप्पांनी तेच वाक्य धरलं. टेम्पो चालवणाऱ्या माणसाला ते पटण्यासारखंच होतं. एकदाच काय ते सोसायचं, पंधरा दिवस घरी बसायचं आणि मोकळं व्हायचं. दुसरा उपाय मशीनचा आहे हे त्यांनी ऐकलं होतं, पण तोंडाला नळी लावून जन्मभर झोपायचं ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. "लाइट गेली की काय करू? लोक काय म्हणतील?" काका म्हणाले, घशाला सुरी लावून घेऊ नकोस. मम्मी म्हणाली, मशीनच घ्या. शेजारच्या आँटीनं एक काढाही सांगितला. प्रत्येकाकडे उत्तर होतं. आजार किती आहे आणि घसा नेमका कुठे मिटतो, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

आधी मोजा

ओळखीच्या एका नर्सताईंनी आम्हाला थांबवलं. त्या म्हणाल्या, झोपेची तपासणी केल्याशिवाय ऑपरेशनचा विचारसुद्धा करू नका. तारीख आम्ही पुढे ढकलली.

या तपासणीत माणूस एक रात्र अंगावर वायरी लावून झोपतो. डोक्याला झोपेची नोंद घेणाऱ्या, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी हवेची नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. कमीत कमी १० सेकंद श्वास थांबला तर ती एक घटना धरतात. श्वास पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि त्यामुळे ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली तर तीही मोजतात. अशा घटना तासाला सरासरी किती, तो आकडा म्हणजे एएचआय. मोठ्या माणसांत ५ च्या खाली असेल तर ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र.

पप्पांचा आकडा आला ४१. ते त्या रात्री सहा तास झोपले होते, म्हणजे जवळजवळ २४६ वेळा. ऑक्सिजन एकदा ७६ टक्क्यांपर्यंत उतरला होता. रिपोर्ट बघून पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी रात्रभर झोपतच न्हाई की."

त्या दिवसापासून त्यांनी रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या. हे डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. उपचार लागू पडेपर्यंत झोप येत असताना गाडी चालवायची नाही. ऑपरेशन करायचं की मशीन घ्यायचं यावर घरात महिनाभर वाद घालता येतो, यावर घालता येत नाही. बदली ड्रायव्हर ठेवला, आणि महिन्याच्या कमाईतला मोठा वाटा त्याच्याकडे जाऊ लागला. निर्णय लवकर घ्यायचा दबाव तिथूनच आला.

एकाच वर्षी निघालेल्या दोन वाटा

गंमत म्हणजे या आजारावरचे दोन मुख्य उपचार एकाच वर्षी, १९८१ मध्ये, जगापुढे आले. त्याआधी तीव्र रुग्णाला गळ्याला खालून भोक पाडून श्वासाची वेगळी वाट करून देत. त्या वर्षी डेट्रॉइटचे सर्जन शिरो फुजिता यांनी पडजीभ, मऊ टाळूची कड आणि टॉन्सिल काढून घसा रुंद करायची शस्त्रक्रिया मांडली. नाव लांबलचक आहे, म्हणून डॉक्टर तिला यूपीपीपी म्हणतात. आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचे कॉलिन सुलिव्हन यांनी सीपॅप मशीनचा प्रयोग प्रसिद्ध केला. नाकावरच्या मास्कमधून हवा सतत हलक्या दाबानं आत सोडायची. त्या हवेच्या दाबानं घसा फुग्यासारखा उघडा राहतो.

मोठ्या माणसांच्या मध्यम आणि तीव्र आजारात आज साधारणपणे आधी मशीन वापरून बघायला सांगतात. लहान मुलांचं वेगळं. त्यांच्यात बहुधा टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठीच वाट अडवतात, म्हणून पहिला उपाय बऱ्याचदा त्या काढणं हाच असतो. 'आमच्या भाच्याचे टॉन्सिल काढले आणि घोरणं गेलं' असं कुणी सांगितलं तर ते खरं असेल, पण त्यावरून पन्नाशीच्या माणसाचा निर्णय घेता येत नाही.

आम्ही मशीन महिनाभरासाठी भाड्यानं आणलं. मास्क लावलेला असला की पप्पांचा एएचआय ३ च्या आसपास असायचा. ४१ वरून ३! मला वाटलं, संपला प्रश्न. पण मशीन सगळं लिहून ठेवतं. पप्पा रोज सरासरी दोनच तास ते लावत होते. नाक चोंदायचं, गुदमरायला व्हायचं आणि झोपेत मास्क काढून उशीखाली जायचा.

हे फक्त पप्पांचं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतासह सात देशांतले २७०० हून जास्त रुग्ण होते. सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. त्यातल्या ज्यांना मशीन दिलं होतं, त्यांनी ते रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं. त्यांची दिवसाची झोप आणि घोरणं कमी झालं, पण हृदयविकार आणि पक्षाघात काही कमी झाले नाहीत.

इथं मी एक साधं गणित केलं. सहा तासांच्या झोपेत दोन तास मशीन, म्हणजे दोन तास ३ आणि चार तास ४१. सरासरी निघते २८. म्हणजे कागदावर मशीननं आजार जवळपास गेला होता, पण आमच्या घरात तो मध्यम आणि तीव्र यांच्या सीमेवर होता. ऑपरेशनमुळे आकडा अर्धा झाला तरी तो २० च्या आसपास येतो आणि सगळी रात्र तसाच राहतो. म्हणजे दोन तासांच्या मशीनपेक्षा ऑपरेशनच बरं!

म्हणून ऑपरेशनला नुसतं वाईट म्हणून चालत नाही. तुलना करायची तर प्रत्यक्ष वापरलेल्या मशीनची आणि प्रत्यक्ष होणाऱ्या ऑपरेशनची करायची. दोन्हीकडची स्वप्नं बाजूला ठेवून.

'यशस्वी' म्हणजे काय?

आता माझ्या भाषांतराकडे येते. मी शोधनिबंध वाचायला लागले तेव्हा 'सक्सेस' या शब्दापाशी थांबले. या शस्त्रक्रियांच्या अभ्यासात बहुतेक ठिकाणी त्याचा ठरलेला अर्थ असा आहे: एएचआय निम्म्याहून कमी झाला आणि २० च्या खाली आला, की शस्त्रक्रिया यशस्वी.

पप्पांचे ४१ चे १९ झाले असते तर डॉक्टरांच्या वहीत ते यश. पण १५ ते ३० म्हणजे मध्यम आजार, हे आपण वर बघितलंच. म्हणजे पप्पा 'यशस्वी' होऊनही आजारीच राहिले असते, आणि कदाचित मशीनही लागलं असतं. मी ज्याला 'बरे होतात' म्हटलं ते बरं होणं नव्हतंच. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. शब्द त्यांच्या धंद्यातला होता आणि मी तो आपल्या घरातल्या अर्थानं घेतला. साहित्याची विद्यार्थिनी असून.

त्या रात्री जेवताना मी पप्पांना हे सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मग नीट सांग की. परत पहिल्यापासून."

परत पहिल्यापासून सांगायचं तर आकडे असे आहेत. १९९६ च्या एका आढाव्यात सगळ्या प्रकारचे घसे एकत्र धरले तर यूपीपीपीचं हे 'यश' १०० पैकी सुमारे ४१ जणांना मिळालं होतं. नंतर निवडक रुग्णांवर जास्त काटेकोर अभ्यास झाले. २०१३ मध्ये स्टॉकहोमच्या अभ्यासात ६५ रुग्ण होते. ऑपरेशन झालेल्यांचा सरासरी एएचआय सहा महिन्यांत ५३ वरून २१ वर आला, आणि ज्यांचं झालं नव्हतं त्यांचा फारसा हलला नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात मशीन न झेपलेल्या १०२ रुग्णांचा अभ्यास झाला. टाळू आणि जीभ दोन्हींवर शस्त्रक्रिया केलेल्यांचा आकडा ४८ वरून २१ वर आला. हा फायदा खरा आहे, आणि मोठाही आहे. पण २१ म्हणजे ५ नव्हे.

घसा कुणाचा, मिटतो कुठे?

सरासरीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे आपला घसा कोणत्या गटातला. सर्जन मायकेल फ्रीडमन यांनी २००२ मध्ये यासाठी एक सोपी पद्धत मांडली. तोंड उघडून बघायचं: टॉन्सिल केवढे आहेत, आणि जीभ कुठे बसते, म्हणजे तिच्यामागे टाळू कितपत दिसतो. टॉन्सिल मोठे आणि जीभ खाली बसणारी, असा पहिला गट. त्यांच्यात १०० पैकी सुमारे ८१ जणांना यश आलं. टॉन्सिल लहान आणि जीभ वर चढलेली, असा तिसरा गट. त्यांच्यात १०० पैकी फक्त ८.

ऑपरेशन तेच. एकाला ८१, दुसऱ्याला ८.

नोव्हेंबरमध्ये आम्ही दुसऱ्या तज्ज्ञांकडे गेलो. या वेळी मी वही घेऊन गेले. त्यांनी पप्पांना औषधानं थोडा वेळ झोपवून नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि घसा झोपेत कुठे मिटतो ते बघितलं. याला स्लीप एंडोस्कोपी म्हणतात. टाळू मिटत होताच, पण जिभेचा मागचा भागही मागे पडून वाट बंद करत होता. टॉन्सिल तर नावालाच होते. म्हणजे पप्पा तिसऱ्या गटातले. ज्या ऑपरेशनची तारीख आम्ही घेतली होती ते झालं असतं, तर टाळूपाशी थोडी जागा झाली असती आणि जीभ होती तिथंच राहिली असती.

दुसरेही मार्ग आहेत. वरचा आणि खालचा जबडा कापून पुढे सरकवण्याची शस्त्रक्रिया सगळ्यांत परिणामकारक मानतात. २०१० च्या एका आढाव्यात तिचं यश १०० पैकी ८६ होतं. पण ते मोठं ऑपरेशन आहे आणि चेहऱ्याची ठेवणही बदलते. जिभेच्या नसेला झोपेत हलका विजेचा इशारा देणारं यंत्र छातीत बसवतात, त्याला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ते फार महाग आहे. सौम्य आणि मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारं दातांवरचं उपकरणही चालतं.

त्रास आणि धोका

ऑपरेशनचं दुखणं लहान नसतं. टाळूचं ऑपरेशन झाल्यावर साधारण दोन आठवडे गिळताना घसा खूप दुखतो. रक्तस्राव होऊ शकतो. काहींना पाणी पिताना ते नाकात चढतं, आवाज थोडा बदलतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांतल्या ३,१३० शस्त्रक्रियांच्या नोंदींत हजारात १५ जणांना गंभीर त्रास झाला आणि हजारात २ दगावले. धोका कमी आहे, पण शून्य नाही. शिवाय वय आणि वजन वाढलं तर पहिल्या वर्षी आलेला गुण पुढे टिकेलच असं नाही. म्हणून ऑपरेशननंतर झोपेची तपासणी पुन्हा करावीच लागते. घोरण्याचा आवाज बंद झाला म्हणजे आजार गेला असं धरलं, तर आपण परत त्याच शांततेला फसतो.

आणखी एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवावी. ज्याला स्लीप अ‍ॅप्निया आहे त्याचं कसलंही ऑपरेशन असो, अगदी हर्नियाचंसुद्धा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगायचं. भुलेनं आणि जोरदार वेदनाशामकांनी घसा आणखी सैल पडतो.

आम्ही काय ठरवलं

तज्ज्ञांनी एक प्रश्न विचारला जो आधी कुणी विचारला नव्हता: "मास्क का काढता?" पप्पा म्हणाले, नाकानं श्वासच घेता येत नाही. बघितलं तर नाकाचा पडदा एका बाजूला चांगलाच वाकलेला. तरुणपणी फुटबॉल खेळताना लागलं होतं, ते कुणालाच आठवत नव्हतं.

नाक सरळ केलं तर आजार जाईल का? नाही. नाकाच्या ऑपरेशनमुळे एएचआय फारसा उतरत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण मास्क सोसवतो, आणि बऱ्याच जणांना मशीनचा दाबही कमी लागतो.

घरी येऊन मी एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. दोन तास मशीन: २८. घशाचं ऑपरेशन, आपल्या घशाला: यशाची शक्यता १०० पैकी ८. साडेपाच तास मशीन: ६. पप्पांनी विचारलं, "तू सांग, काय करायचं?" मी सांगितलं नाही. एकदा माझ्या शब्दावर त्यांनी तारीख घेतली होती. घसा त्यांचा, रोजची भाजीची फेरी त्यांची. दोन दिवस तो कागद त्यांच्या खिशात होता. मग म्हणाले, "नाकाचं करूया. घशाला हात लावायचा न्हाई. आनि मशीन घालतो."

म्हणजे ऑपरेशन झालंच, पण ज्याच्यावरून वाद घातला ते नव्हे. जानेवारीत नाकाचं झालं. नाक बंद असल्यामुळे पहिली रात्र हॉस्पिटलात ऑक्सिजनवर लक्ष ठेवून काढली. मार्चपासून मशीन नियमित सुरू आहे, आणि गेल्या महिन्याची सरासरी साडेपाच तासांची आहे. वजनही ९४ वरून ८७ वर आलंय. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एका अभ्यासात, २००० साली, वजन १० टक्के घटलं की एएचआय सुमारे २६ टक्के घटतो असं दिसलं होतं. त्यामुळे पप्पांचा रात्रीचा भात अर्धा झालाय, आणि त्यांची तक्रार सध्या मशीनपेक्षा भाताबद्दल जास्त आहे.

सगळं गोड झालंय असं नाही. मशीन विकत घ्यायला सोसायटीचं कर्ज काढावं लागलं. लाइट जाते तेव्हा पप्पा तसेच झोपतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची फेरी करत नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही रात्रीच्या फेऱ्या त्यांनी आठवड्याला तीनच ठेवल्यात.

तुमच्या घरी हा प्रश्न आला तर

एवढे प्रश्न लिहून न्या, आणि उत्तरं मिळेपर्यंत तारीख घेऊ नका:

१. झोपेची तपासणी झाली का? एएचआय किती, ऑक्सिजन किती खाली गेला?

२. मशीन झेपत नसेल तर नेमकं का? मास्कचं माप, चोंदलेलं नाक, दाब, यातलं काही सुधारता येतं का?

३. घसा कुठे मिटतो, हे झोपेत बघितलंय का?

४. माझ्यासारखा घसा असलेल्या १०० जणांत किती जणांना गुण येतो? आणि 'गुण' म्हणजे तुमच्या हिशेबात कोणता आकडा?

५. ऑपरेशननंतरही मशीन लागू शकतं का? तपासणी पुन्हा कधी?

ज्याचे टॉन्सिल मोठे आहेत, मशीन मनापासून वापरूनही झेपलं नाही, त्याला याच प्रश्नांची उत्तरं घशाच्या ऑपरेशनकडे नेतील, आणि ते बरोबरही असेल. पप्पांना ती नाकाकडे घेऊन गेली.

आणि तपासणीला जायला घरातलं कुणी तयार नसेल, तर रात्री फोनवर त्यांचं घोरणं रेकॉर्ड करा. आवाज नको, मधली शांतता ऐकवा. पप्पांना आधी मम्मीचं पटलं नव्हतं, रेकॉर्डिंग ऐकल्यावर पटलं. तपासणीला ते त्याच आठवड्यात गेले.

मम्मी आता रात्रीची उठत नाही. रोझरी संध्याकाळीच म्हणून टाकते.